डोळा शाबूत, डावी बाजू हरवलेली: जिंतूर तालुक्यातील एका शेतकऱ्याचा प्रकरण अभ्यास

कापसाची पहिली वेचणी उरकून दुसरी सुरू होण्याच्या सुमारास परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातले एक शेतकरी, वय ५८ वर्षे, पत्नी आणि थोरल्या मुलासह माझ्याकडे नेत्रतपासणीसाठी आले. तक्रार एका वाक्याची होती: "साहेब, माझा डावा डोळा गेला." सुमारे पाच आठवड्यांपूर्वी सकाळी शेतातल्या आखाड्यावरून घरी येताना त्यांचे डोके एकाएकी जड झाले होते आणि थोडी भोवळही आली होती. ते घरी येऊन झोपले. उठल्यावर हातपाय व्यवस्थित चालत होते, तोंड वाकडे झाले नव्हते, बोलणेही पूर्वीसारखेच होते, त्यामुळे दवाखान्यात जाण्याचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. त्या दिवसापासून मात्र त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागू लागला, आठवडी बाजारात डावीकडून येणाऱ्या माणसांना धक्के बसू लागले आणि एका संध्याकाळी त्यांची मोटारसायकल रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या बैलगाडीला घासून गेली.

माझ्याकडे येण्यापूर्वी ते दोन ठिकाणी जाऊन आले होते. एका ठिकाणी चष्म्याचा नंबर बदलून मिळाला. दुसऱ्या ठिकाणी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असल्याचे सांगून शस्त्रक्रियेची तारीखही ठरवण्यात आली. मोतीबिंदू होता हे खरे होते, पण तो दोन्ही डोळ्यांत सारखाच आणि अगदी सुरुवातीचा होता. या गोष्टी मी कोणाला दोष देण्यासाठी नोंदवत नाही, कारण पहिली पंधरा मिनिटे मीही त्याच वाटेने चाललो होतो. अक्षरांचा तक्ता वाचताना चष्म्यासह दोन्ही डोळ्यांची नजर ६/९ भरली. डोळ्यांचा दाब योग्य होता. बाहुल्या प्रकाश पडताच दोन्हीकडे सारख्याच आकुंचन पावत होत्या. दृष्टिपटल आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेचे टोक निरोगी दिसत होते. म्हणजे ज्या डोळ्याची तक्रार होती, त्या डोळ्यात तक्रारीला साजेसे काहीच सापडत नव्हते.

अशा वेळी रुग्ण वाढवून सांगत आहे असे मानण्याचा मोह होतो. त्यातून मला त्यांच्या पत्नीने बाहेर काढले. त्या म्हणाल्या की, मालकांना डावीकडून येणारा माणूस चालत आलेला दिसतच नाही, तो एकदम समोर उगवतो. आणि डावा डोळा हाताने झाकला तरी तसेच होते. दुसरा भाग त्यांनी सहज सांगितला होता, पण या प्रकरणाची किल्ली तोच होता. डावा डोळा झाकल्यावरही डावी बाजू दिसत नसेल, तर दोष डाव्या डोळ्याचा असूच शकत नाही.

मी त्यांच्यासमोर साधारण एक मीटर अंतरावर बसलो. त्यांना एक डोळा झाकून माझ्या नाकाकडे पाहायला सांगितले आणि चारही कोपऱ्यांत आळीपाळीने बोटे दाखवली. या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही आणि तिला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. उजवीकडची बोटे त्यांनी दोन्ही डोळ्यांनी अचूक मोजली, डावीकडची एकाही डोळ्याने नाही. नंतर यंत्रावर पेरिमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्राची मोजणी, केली. दोन्ही डोळ्यांच्या नकाशांत उभ्या मध्यरेषेच्या डावीकडचा भाग काळा आला. नजरेच्या अगदी मध्याजवळची काही अंशांची पट्टी तेवढी शिल्लक होती. दोन्ही डोळ्यांच्या क्षेत्रांतील एकाच बाजूचा अर्धा भाग असा नाहीसा झाला, तर बिघाड दोन्ही डोळ्यांच्या चेता जिथे एकत्र येतात त्याच्या मागे, म्हणजे मेंदूत, शोधावा लागतो. नाडी मोजली तेव्हा ठोके अनियमित लागले. त्याच दिवशी मी त्यांना फिजिशियनकडे पाठवले. ईसीजीत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, दिसून आले. नांदेडला केलेल्या एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या उजव्या पश्चमस्तिष्क रोहिणीच्या क्षेत्रात, मेंदूच्या पार मागच्या खंडात, रक्तपुरवठा तुटून मृत झालेला भाग स्पष्ट दिसला. हृदयात तयार झालेली गुठळी तिथे जाऊन अडकली असावी, असे निदान झाले.

डाव्या डोळ्याचे नव्हे, डाव्या बाजूचे

मुलाचा पहिला प्रश्न असा होता की, डोके उजवीकडे बिघडले आहे, मग दादांना, म्हणजे वडिलांना, डावीकडचे का दिसत नाही आणि दोन्ही डोळ्यांनी का दिसत नाही. याचे उत्तर तारांच्या जोडणीत आहे. प्रत्येक दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकूपेशी प्रकाश टिपतात, पण डोळ्यातून मेंदूकडे निघणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात जेमतेम १० ते १२ लाख. याचा अर्थ डोळा छायाचित्र पाठवत नाही, निवडलेल्या बातम्या पाठवतो. हे तंतू कवटीच्या तळाशी एका चौकात येतात. तिथे नाकाकडच्या अर्ध्या दृष्टिपटलातून आलेले तंतू बाजू बदलतात आणि कानशिलाकडचे तंतू आपापल्या बाजूने सरळ पुढे जातात. परिणामी चौकाच्या पुढे डावा डोळा आणि उजवा डोळा ही वाटणी संपते आणि डावे जग व उजवे जग ही वाटणी सुरू होते. समोरच्या दृश्याच्या डाव्या अर्ध्या भागाची बातमी, ती कोणत्याही डोळ्याने टिपलेली असो, उजव्या मेंदूतच पोचते.

पुढे मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागातील एका थांब्यावरून हे संदेश मेंदूच्या मागच्या खंडातील कॅल्करीन नावाच्या घळीच्या दोन्ही काठांवर पोचतात. इथेच प्राथमिक व्हिज्युअल कॉर्टेक्स, म्हणजे दृष्टीचे संदेश प्रथम घेणारा मेंदूचा बाहेरचा थर, असते. मेंदूचा हा थर सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा असून त्यात आडवी पांढरी रेघ नुसत्या डोळ्यांनाही दिसते. ती १७७६ मध्ये फ्रान्सेस्को जेन्नारी या इटालियन वैद्यकाने मेंदू कापताना प्रथम पाहिली. प्रत्येक अर्ध्या मेंदूतील या भागात सुमारे १४ कोटी चेतापेशी असल्याचा अंदाज आहे. साधारण दहा लाख तंतू येतात आणि त्यांचा अर्थ लावायला चौदा कोटी पेशी बसलेल्या असतात, हे प्रमाणच या भागाचे काम सांगते. बाहुल्यांची प्रकाशाला मिळणारी प्रतिक्रिया आमच्या रुग्णात शाबूत का राहिली, तेही इथे कळते. त्या प्रतिक्रियेचे तंतू थॅलॅमसच्या थांब्याआधीच वेगळे होऊन मेंदूच्या खोडाकडे जातात, त्यामुळे मागचा भाग मेला तरी बाहुली नेहमीप्रमाणेच आकसते. निरोगी बाहुली पाहून डोळ्याचा मार्ग ठीक आहे असे म्हणता येते. माणसाला दिसते आहे असे म्हणता येत नाही.

या कॉर्टेक्सवर जगाचा नकाशा असतो. हा शोध युद्धांनी लावला, हे वाचताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होते. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात लहान व वेगवान गोळ्या कवटीच्या आरपार जात आणि सैनिक जिवंत राहत. तात्सुजी इनोये या तरुण जपानी नेत्रवैद्यकावर अशा सैनिकांच्या दृष्टीचे नुकसान मोजण्याचे काम आले. त्यांनी गोळी आत शिरल्याची व बाहेर पडल्याची जागा आणि दृष्टिक्षेत्रातील हरवलेला तुकडा यांचा मेळ घालून १९०९ मध्ये नकाशा प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स यांनी तो अधिक नेमका केला. घळीच्या वरच्या काठावर दृश्याचा खालचा भाग उमटतो, खालच्या काठावर वरचा भाग उमटतो आणि नजरेच्या मध्यबिंदूला पार मागचे टोक मिळते. हा नकाशा समप्रमाणात नाही. मध्यापासूनच्या १०-१५ अंशांच्या छोट्या वर्तुळाला कॉर्टेक्सचा निम्म्याच्या आसपास भाग मिळतो आणि उरलेल्या अफाट क्षेत्राला राहिलेली जागा पुरवून घ्यावी लागते. आमच्या रुग्णात मागचे टोक वाचले होते, कारण तिथे शेजारच्या दुसऱ्या रोहिणीच्या फांद्याही रक्त पोचवतात. म्हणून ते तक्ता वाचू शकले, आणि म्हणूनच तिन्ही ठिकाणी आम्हा तपासणाऱ्यांची दिशाभूल झाली. अक्षरांचा तक्ता फक्त त्या मधल्या वर्तुळाची परीक्षा घेतो. चौकट, बैलगाडी आणि बाजारातली माणसे त्या वर्तुळाबाहेर असतात.

"मग तिथं काळं का दिसंना?"

एमआरआयचे चित्र दाखवून मी समजावत असताना रुग्णाने जो प्रश्न विचारला, तो मला या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. ते म्हणाले, "साहेब, अर्धं जग गेलं म्हणता, मग तिथं काळं का दिसंना? मला तर सगळं भरलेलंच दिसतं." त्यांची पऱ्हाटीची ओळ मध्येच तुटत नव्हती, भिंत अर्धी कापल्यासारखी वाटत नव्हती, समोर अंधाराचा पडदा नव्हता. पाच आठवडे त्यांनी डावी बाजू गेली असे न म्हणता डावा डोळा गेला असे म्हटले, याचे कारण हेच होते. उणीव दिसत नव्हती, फक्त धक्के लागत होते; आणि धक्के डावीकडे लागतात म्हणजे डोळाही डावाच बिघडला असणार, हा त्यांनी काढलेला तर्कसंगत निष्कर्ष होता.

या प्रश्नाचे उत्तर चेतापेशी नेमके कशाला प्रतिसाद देतात यात आहे. स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्ये मांजरीच्या दृष्टिपटलावर दाखवले की, तिथल्या प्रत्येक गँग्लियन पेशीला, म्हणजे मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या पेशीला, दृश्यातला एक छोटा गोल तुकडा नेमून दिलेला असतो. मध्यावर प्रकाश पडला की ती उत्तेजित होते आणि कडेच्या वलयावर पडला की दबते, किंवा याच्या अगदी उलट वागते. संपूर्ण तुकडा सारखाच उजळला तर दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. म्हणजे पहिल्या पायरीपासूनच पेशीला उजेडापेक्षा उजेडातल्या फरकात अधिक रस असतो.

१९५८ मध्ये कफलर यांच्याच प्रयोगशाळेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समधील एकेका पेशीत सूक्ष्म तार टेकवून तिचे संदेश ध्वनिवर्धकावर ऐकायला सुरुवात केली. काचपट्टीवरचा काळा ठिपका पडद्यावर इकडून तिकडे हलवूनही एक पेशी कित्येक तास जवळजवळ गप्प राहिली. मग काचपट्टी बदलत असताना ती अचानक कडाडू लागली. ठिपक्याशी तिचे काही देणेघेणे नव्हते. आत सरकणाऱ्या काचेच्या कडेची जी बारीक तिरपी सावली पडद्यावरून सरकत होती, तिला ती प्रतिसाद देत होती. त्या कडेचा कोन थोडा बदलला की आवाज मंदावे, आणखी बदलला की थांबे. १९५९ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढच्या दोन दशकांतील कामासाठी १९८१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा दोघांना मिळून देण्यात आला.

या कामातून पुढे आलेले चित्र असे आहे. प्राथमिक कॉर्टेक्समधील साध्या पेशीचे क्षेत्र गोल नसून लांबट असते. मधल्या पट्टीवर योग्य कोनात कड किंवा रेघ पडली तर ती वेगाने ठोके देते, बाजूच्या पट्ट्यांवर पडली तर दबते. गोल क्षेत्रांच्या अनेक पेशी एका रेषेत मांडून त्यांचे संदेश एकाच पेशीला दिले तर असे लांबट क्षेत्र तयार होईल, अशी मांडणी ह्यूबेल व वीझेल यांनी १९६२ मध्ये केली. जटिल म्हटल्या जाणाऱ्या पेशींनाही विशिष्ट कोन हवा असतो, पण रेघ त्यांच्या क्षेत्रात नेमकी कुठे आहे याची त्या फारशी पर्वा करत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच पेशींना रेघ हलती हवी असते, आणि काहींना ती एकाच दिशेने हलणारी हवी असते. उलट दिशेने तीच रेघ गेली तर त्या गप्प बसतात. दोन्ही डोळ्यांचे संदेश पहिल्यांदा एकाच पेशीत एकत्र येतात तेही इथेच. कॉर्टेक्सच्या पृष्ठभागाशी काटकोनात खाली जावे तर एकाच कोनाच्या पेशी रांगेने भेटतात. पृष्ठभागालगत सरकावे तर आवडता कोन क्रमाक्रमाने फिरत जातो आणि साधारण एक मिलिमीटरच्या आत सगळे कोन एकदा होऊन जातात. म्हणजे नजरेतल्या प्रत्येक लहान तुकड्यासाठी प्रत्येक कोनाचा पहारेकरी नेमलेला असतो. पेरणी झालेल्या रानाच्या बांधावर उभे राहून सरळ तासांकडे, म्हणजे पिकाच्या ओळींकडे, पाहणाऱ्या माणसाच्या मेंदूत उभ्या-तिरप्या कोनांचे हजारो पहारेकरी एकाच वेळी ठोके देत असतात, आणि मोकळ्या आभाळाकडे पाहिले की त्यांतले बहुतेक शांत होतात.

काळ्या रंगाचे कोडे आता सुटू लागते. काळा पडदा दिसण्यासाठीही इथे काळे संपले आणि तिथे उजेड सुरू झाला असे सांगणारी कड लागते, आणि ती कड सांगणाऱ्या पेशी लागतात. आमच्या रुग्णाच्या डाव्या बाजूचे पहारेकरीच मेले होते. तिथे काही नाही असे सांगायलाही कोणी उरले नव्हते. आपल्या पाठीमागे आपल्याला काळे दिसत नाही, पाठीमागचे काहीच दिसत नाही. त्यांची डावी बाजू जणू पाठीमागे गेली होती.

हे शब्दांनी पटणे अवघड आहे, म्हणून मी त्यांच्याच शाबूत बाजूवर एक प्रयोग केला. पांढऱ्या कागदावर आठ सेंटीमीटर अंतराने ज्वारीचे दोन दाणे ठेवले, डावा डोळा झाकायला सांगितला आणि उजव्या डोळ्याने डावीकडच्या दाण्यावर नजर ठेवून कागद सुमारे तीस सेंटीमीटरवर आणला. दृष्टिचेता डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात आणि ही जागा नजरेच्या मध्यापासून कानाकडे सुमारे १५ अंशांवर येते. प्रत्येक निरोगी डोळ्यात ती असते. उजवीकडचा दाणा बरोबर तिथे आला आणि नाहीसा झाला. त्या जागी त्यांना भोक दिसले नाही, डाग दिसला नाही, पांढरा कागद दिसला. त्यांनी कागद पुढेमागे करून चार-पाच वेळा खात्री केली आणि म्हणाले, "दाणा गेला, कागद राहिला." त्यानंतर त्यांनी डाव्या डोळ्याबद्दल तक्रार केली नाही, डाव्या बाजूबद्दल बोलू लागले.

डावीकडे दुर्लक्ष करण्याचा विकार आणि डावे दृष्टिक्षेत्र हरवणे यांतही गफलत होऊ शकते, म्हणून एक लांब आडवी रेघ काढून तिचा मध्य दाखवायला सांगितले. दुर्लक्षाच्या विकारात माणूस खूण मध्याच्या उजवीकडे करतो. यांनी ती किंचित डावीकडे, म्हणजे आंधळ्या बाजूकडे केली, आणि केवळ दृष्टिक्षेत्र हरवलेल्या माणसात तसेच अपेक्षित असते. ताटातली डावीकडची भाजीही ते उरवत नव्हते.

बैलाची शेपटी

दुसऱ्या भेटीत रुग्णाने स्वतःहून एक निरीक्षण सांगितले. गोठ्यात डावीकडे बैल नुसता उभा असेल तर तो आहे हे त्यांना कळत नसे, पण त्याने शेपटी हलवली की तिथे काहीतरी हलले एवढे जाणवे. काय हलले, त्याचा रंग कोणता, आकार कोणता, हे सांगता येत नसे. घरच्यांना यातून शंका आली होती की, त्यांना दिसते पण ते लक्ष देत नाहीत.

ही अवस्था वैद्यकाला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे जखमा झालेल्या सैनिकांत जॉर्ज रिडॉक यांना आढळले की, आंधळ्या भागात स्थिर वस्तू अजिबात दिसत नाही, पण हालचाल मात्र जाणवते, आणि १९१७ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. गॉर्डन होम्स यांना ते पटले नव्हते. पुढील संशोधनाने रिडॉक यांची बाजू भक्कम केली. डोळ्याकडून येणारे सगळेच संदेश प्राथमिक कॉर्टेक्समधून जात नाहीत. काही तंतू मध्यमेंदूतील एका केंद्राकडे जातात आणि तिथून थॅलॅमसच्या दुसऱ्या भागामार्फत हालचालीला वाहिलेल्या क्षेत्राकडे पोचतात. थॅलॅमसच्या नेहमीच्या थांब्यावरूनही काही पेशी या क्षेत्राशी थेट जोडलेल्या असल्याचे माकडांच्या मेंदूत आढळले आहे. कानशिलाच्या मागे असलेल्या या क्षेत्रातील बहुसंख्य पेशी हालचालीच्या दिशेला प्रतिसाद देतात. मुख्य रस्ता तुटला तरी आडवाटेने अर्धवट बातमी पोचते: काहीतरी हलले, पण काय ते कळत नाही.

मी त्यांना भिंतीवरच्या खुणेकडे पाहायला सांगून डावीकडे काडी वर-खाली आणि आडवी हलवली. हालचालीची दिशा त्यांनी बहुतेक वेळा बरोबर सांगितली. तीच काडी स्थिर धरल्यावर ती उभी आहे की आडवी हे त्यांना सांगता आले नाही. नजर जागेवरून सरकणे किंवा काडीवरचा उजेड शाबूत बाजूवर विखुरणे या दोन्ही गोष्टी अशा साध्या तपासणीत पूर्णपणे टाळता येत नाहीत, त्यामुळे या निष्कर्षाला मी प्रयोगशाळेतील मोजमापाचा दर्जा देणार नाही. लॉरेन्स वाइस्क्रांट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये वर्णन केलेली आंधळी दृष्टी, जिच्यात रुग्ण मला काहीच दिसत नाही असे म्हणत असतानाही अंदाजाने वस्तूकडे अचूक बोट नेतो, ही याच्या शेजारची पण वेगळी अवस्था आहे. आमच्या रुग्णाला हालचाल जाणवत होती आणि ते तसे सांगतही होते. घरच्यांपुढे मी हे स्पष्ट शब्दांत मांडले की, ते खोटे बोलत नाहीत आणि दुर्लक्षही करत नाहीत. त्यावर पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले, कारण गेल्या महिन्यात यावरून घरात बरेच बोलणे झाले होते.

जाळी आणि माणसे

आणखी एक गोष्ट कुटुंबाने तिसऱ्या भेटीपर्यंत दडवून ठेवली होती. घटनेनंतर आठवडाभराने रुग्णाला संध्याकाळी डावीकडे तारेच्या जाळीसारख्या तिरप्या रेघा, मग वेलबुट्टीसारखी नक्षी आणि दोन-तीनदा अनोळखी माणसांचे चेहरे दिसले होते. आवाज काही येत नव्हता. हे खरे नाही, हे त्यांनाही समजत होते, पण गावात बाहेरचे काही झाले असेल असे बोलले जाऊ लागले आणि ते गप्प झाले.

चार्ल्स बोनेट या निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये, मोतीबिंदूमुळे नजर अंधावलेल्या आपल्या आजोबांना दिसणाऱ्या अशाच माणसांचे, पक्ष्यांचे आणि नक्ष्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे, आणि आजोबांची बुद्धी पूर्ण शाबूत होती. डोळ्यांकडून बातमी येणे थांबले की दृष्टीसाठी नेमलेल्या चेतापेशी गप्प बसत नाहीत. त्या आपणहून ठोके देऊ लागतात, आणि जी पेशी ज्या गोष्टीसाठी नेमलेली, तीच गोष्ट माणसाला दिसते. रेघा, कोन आणि जाळ्या या कडा ओळखणाऱ्या भागांच्या भाषेतल्या गोष्टी आहेत. चेहऱ्यांसाठी मेंदूच्या तळाकडे वेगळा भाग आहे. अशा रुग्णांच्या मेंदूचे चित्रण केले असता, भास होत असतानाच त्या त्या कामाचा भाग सक्रिय झाल्याचे दिसले आहे. आमच्या रुग्णाचे प्राथमिक कॉर्टेक्स उजवीकडे बरेचसे मेले असले तरी त्याच्याभोवतीचे पुढचे भाग जिवंत आणि आता बेकार होते. फेफऱ्याचा झटकाही कधीकधी असे दाखवू शकतो म्हणून फिजिशियनांनी ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, करून घेतला. त्यात तसे काही आढळले नाही. भास पुढच्या काही आठवड्यांत विरळ होत बंद झाले. त्यांना औषधापेक्षा समजावण्याचीच अधिक गरज होती, आणि ते समजावणे मी रुग्णाच्या मोठ्या भावालाही बोलावून केले, कारण गावातले बोलणे थांबवणे त्यांच्या हातात होते.

पुढे काय केले

पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून फिजिशियनांनी रक्त पातळ ठेवणारे औषध आणि रक्तदाबाचे उपचार सुरू केले. या प्रकरणात जीव वाचवणारा भाग तोच होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया रद्द करण्यास मी सांगितले. ती झाली असती तर डोळ्याचे नुकसान झाले नसते, पण ती करूनही दिसत नाही म्हणून सगळे निराश झाले असते आणि दरम्यान दुसरा झटका येण्याचा धोका तसाच राहिला असता.

मेलेल्या चेतापेशी पुन्हा उगवत नाहीत. ह्यूबेल व वीझेल यांनीच दाखवले होते की, मांजरीच्या पिलाचा एक डोळा पहिल्या काही महिन्यांत झाकून ठेवला तर कॉर्टेक्समधल्या पेशी उघड्या डोळ्याकडे वळतात, आणि मोठ्या मांजरीत मात्र तसे होत नाही. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाला आणायला वर्ष-दोन वर्षे उशीर झालेला पाहिला की मला हा प्रयोग आठवतो. ५८ व्या वर्षी कॉर्टेक्स इतके वळण घेत नाही. दृष्टिक्षेत्रात आपोआप होणारी सुधारणा बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यानंतर भर असतो तो नजर फिरवण्याच्या सवयीवर. मी त्यांना दिवसातून तीनदा सराव दिला: डोके सरळ ठेवून आधी नजर पार डाव्या टोकाला न्यायची आणि मग ती हळूहळू उजवीकडे आणायची. डाव्या बाजूला पुरेशी मोठी उडी न घेता नजर मध्येच थांबवण्याची सवय अशा रुग्णांना लागते, म्हणून डावीकडच्या चौकटींवर छातीच्या उंचीला लाल फडके बांधायला सांगितले, म्हणजे ते दिसेपर्यंत नजर थांबू नये. बाहेर चालताना पत्नीने किंवा मुलाने डावीकडून चालावे असे ठरले. पोथी वाचताना ओळीच्या सुरुवातीला डावे बोट ठेवण्याची सूचना दिली, पण मधली पट्टी वाचलेली असल्यामुळे तिची त्यांना फारशी गरज पडली नाही.

मोटारसायकल आणि ट्रॅक्टर यांबद्दल मी तडजोड केली नाही. आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. पायी चालणारी माणसे, शाळेतून परतणारी मुले, कडेला उभी असलेली बैलगाडी हे सारे डावीकडेच असते, आणि त्यांतले जे स्थिर उभे असेल ते या रुग्णाला आडवाटेनेही कळणार नव्हते. किल्ली मुलाकडे गेली. हा निर्णय ऐकताना ते जितके खचले, तितके निदान ऐकताना खचले नव्हते. शेतकऱ्याला वाहनावाचून आखाडा, बाजार आणि बँक यांसाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागते, याची मला जाणीव होती.

तीन महिन्यांनी केलेल्या पेरिमेट्रीत डावीकडच्या खालच्या भागात मध्यरेषेलगत काही अंशांची भर पडलेली दिसली, म्हणजे घळीच्या वरच्या काठावरच्या, सुजेमुळे गप्प झालेल्या पण न मेलेल्या काही पेशी कामाला लागल्या असाव्यात. वरचा भाग जसा होता तसाच राहिला. खांद्याला चौकट लागणे जवळजवळ थांबले होते.

त्या भेटीत त्यांनी स्वतः शोधलेली एक तपासणी मला सांगितली. तुरीच्या रानाच्या बांधावर एका ठरलेल्या जागी उभे राहून ते समोर दिसणारे तास मोजत. रान पूर्ण दिसे, कुठेच तुटलेले नसे, आणि आकडा कमी भरे. मग ते नजर पार डाव्या बांधापर्यंत नेत आणि तिथून पुन्हा पहिल्यापासून मोजत. सुरुवातीला दोन आकड्यांत बरेच अंतर पडे. आता नजर आपणहून आधी डावीकडे जाते, म्हणून पहिल्याच मोजणीत आकडा जवळपास बरोबर येतो, असे ते म्हणाले. मी तो आकडा त्यांच्या केसपेपरवर पेरिमेट्रीच्या शेजारी लिहून ठेवला आणि पुढच्या भेटीला येताना नवीन आकडा घेऊन येण्यास सांगितले.